पावसात नेट स्लो का होतं? कर्जत-खालापूरच्या घरांतला वेग ठरवणारी न दिसणारी यंत्रणा

कर्जत, नेरळ, खोपोली, चौक. जून उजाडला की इथल्या घरांमध्ये एक क्रम ठरलेला असतो. आधी लाईट जाते, मग नेट जातं. थोड्या वेळानं लाईट येते, नेटही येतं. पण येतं ते आधीसारखं नसतं.

प्लॅन १०० एमबीपीएसचा असतो आणि मोबाइलवर वेग तपासला तर आकडा दिसतो १५ किंवा २०. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतो. मग घरातलं कुणीतरी उठून राउटर बंद करून पुन्हा चालू करतं. कधी वेग वाढतो, कधी आणखी कमी होतो.

अशा वेळी पहिला संशय कंपनीवर जातो. तो कधी खराही असतो. पण अनेकदा वेग कमी करण्याचा निर्णय लाइनच्या दोन टोकांना बसवलेल्या यंत्रांनी स्वतःच घेतलेला असतो. लाइन पूर्ण तुटण्यापेक्षा हळू चाललेली बरी, असा तो हिशोब असतो. याला लाइनचं स्वयंचलित व्यवस्थापन म्हणतात.

ही यंत्रणा नेमकं काय करते, तिचा फायदा काय आणि तिच्यामुळे ग्राहकाचं नुकसान कुठे होतं, ते समजून घेऊ.

कर्जत-खालापूरमध्ये हा प्रश्न इतका का जाणवतो?

पहिलं कारण पाऊस. रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहेत. माथेरान आणि भोर घाटाच्या भिंतीवर ढग अडतात, त्यामुळे इथला जोर किनाऱ्यापेक्षाही जास्त असतो.

दुसरं कारण अंतर. एक्स्चेंज किंवा मुख्य यंत्रणा कर्जत, नेरळ, खोपोलीसारख्या गावांत असते. तिथून कशेळे, कडाव किंवा चौकच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत वायर किंवा फायबर काही किलोमीटर जातं. वाटेत जितके जॉइंट, तितक्या बिघाडाच्या जागा.

तिसरं कारण खोदाई आणि झाडं. रस्ता रुंदीकरण असो, नवं गृहसंकुल असो की पाण्याची पाइपलाइन, जेसीबीचा दात जमिनीतल्या केबलला लागायला वेळ लागत नाही. अनेक ठिकाणी फायबर विजेच्या खांबांवरून आणि झाडांमधून ओढलेलं असतं. फांदी पडली की ते ताणलं जातं किंवा तुटतं.

आणि गरज वाढली आहे. कर्जत मुंबईच्या सीएसएमटीपासून रेल्वेनं सुमारे १०० किलोमीटरवर आहे. रोज लोकलनं जाणारे आता आठवड्यातले काही दिवस घरून काम करतात. मुंबई-पुण्याच्या लोकांची सेकंड होम आणि फार्महाऊस इथे उभी राहिली आहेत. शेतकऱ्याचा सातबारा, विद्यार्थ्याचा प्रवेश अर्ज, दुकानदाराचं यूपीआय, सगळं नेटवर आलं आहे. नेट मंदावलं तर रोजचं कामच अडतं.

'लाइन मॅनेजमेंट' म्हणजे नेमकं काय?

ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट दिसते ती टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या वायरवर.

भारतात बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी जानेवारी २००५ मध्ये याच वायरवरून घरगुती ब्रॉडबँड सुरू केलं. तंत्राचं नाव एडीएसएल. त्याची सुधारित आवृत्ती कागदावर २४ एमबीपीएसपर्यंत वेग देते. पण एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटर दूर गेल्यावर तो जेमतेम काही एमबीपीएसवर येतो.

या तंत्रात एकाच वायरवर ५१२ छोट्या लेन आखलेल्या असतात. प्रत्येक लेन सुमारे ४.३ किलोहर्ट्झ रुंदीची. मोडेम चालू झाला की तो आणि एक्स्चेंजमधलं यंत्र आधी एकमेकांशी बोलून घेतात. कोणत्या लेनवर किती खरखर आहे, ते मोजतात. जी लेन स्वच्छ, तिच्यावर जास्त माल चढवतात. जिच्यावर खरखर जास्त, तिच्यावर कमी. अगदीच खराब लेन सोडून देतात.

ही मोजणी होते तेव्हाची आणि तासाभरानंतरची स्थिती सारखी नसते. पाऊस येतो, जॉइंटमध्ये पाणी शिरतं, शेजारची मोटार चालू होते, वीज कडाडते. म्हणून यंत्रं थोडी जागा राखून ठेवतात. सिग्नल खरखरीच्या किती वर आहे, त्यातला हा राखीव भाग डेसिबलमध्ये मोजतात. साधारणपणे तो ६ डेसिबल ठेवला जातो.

आता पुढची पायरी. काही देशांत कंपन्यांनी यावर आणखी एक देखरेख बसवली. ब्रिटनमध्ये ओपनरीच या कंपनीच्या जाळ्यात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिकडे तिला 'डायनॅमिक लाइन मॅनेजमेंट' किंवा थोडक्यात डीएलएम म्हणतात. ही यंत्रणा प्रत्येक घराची लाइन दिवसभर पाहते. किती चुका झाल्या, कनेक्शन किती वेळा तुटून पुन्हा जोडलं गेलं, याची नोंद ठेवते. लाइन अस्थिर वाटली की राखीव जागा ६ वरून ९, मग १२, मग १५ डेसिबल अशी वाढवत नेते.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आठवा. पावसाळ्यात गाड्या मुद्दाम हळू चालवल्या जातात. प्रवासाला वेळ जास्त लागतो, पण धोका कमी होतो. डीएलएमचं तत्त्व तेच. फरक इतकाच की कोकण रेल्वेचं वेळापत्रक ठरलेल्या तारखेला पूर्ववत होतं. लाइनवरची वेगमर्यादा मात्र लाइन बराच काळ नीट चालल्याची खात्री पटेपर्यंत उठत नाही. एका वादळी रात्रीचा परिणाम पुढचे कित्येक दिवस राहू शकतो.

वेग किती घटतो?

साधा हिशोब करून पाहता येतो.

राखीव जागा ३ डेसिबलनं वाढवली की प्रत्येक लेनवरचा साधारण एक बिट कमी होतो. या लेनवरून सेकंदाला सुमारे ४,००० वेळा माल पाठवला जातो. चारशे लेन वापरात असतील तर ४०० गुणिले ४,००० म्हणजे १६ लाख बिट. म्हणजे वेग सुमारे १.६ एमबीपीएसनं घटतो.

१६ एमबीपीएसच्या लाइनवर हा दहावा हिस्सा झाला, फारसा जाणवणार नाही. पण एक्स्चेंजपासून दूर असलेल्या, मुळातच ४ एमबीपीएसवर चालणाऱ्या लाइनवर असे दोन-तीन धक्के बसले तर निम्मा वेग जाऊ शकतो. जो लांब राहतो त्यालाच जास्त फटका बसतो.

दुसरा उपाय असतो माहितीची सरमिसळ करून पाठवण्याचा. समजा कर्जत, नेरळ, खोपोली आणि चौक ही चार नावं पाठवायची आहेत. ती एकामागून एक पाठवली आणि मध्येच वीज कडाडली, तर एक अख्खं नाव पुसलं जाईल. पण चारही नावांतली अक्षरं आलटून पालटून पाठवली, तर प्रत्येक नावातलं एखादंच अक्षर जाईल आणि उरलेल्या अक्षरांवरून नाव ओळखता येईल.

यात चुका कमी होतात. पण अक्षरं पुन्हा जुळवायला वेळ लागतो. हा वेळ मिलिसेकंदांत असतो. चित्रपट पाहताना तो कळत नाही. ऑनलाइन गेममध्ये मात्र पिंग वाढलेला लगेच दिसतो.

राउटर सारखा बंद-चालू केल्यानं काय होतं?

अशी देखरेख असलेल्या लाइनवर हा उपाय उलटा पडू शकतो.

संध्याकाळभरात पाच-सहा वेळा मोडेम बंद केला, तर समोरच्या यंत्रणेला वाटू शकतं की लाइनच वारंवार तुटते आहे. काही मोडेम वीज जाताना 'माझी वीज गेली' असा शेवटचा संदेश पाठवतात आणि मग ती तूट लाइनच्या खात्यावर धरली जात नाही. पण प्रत्येक मोडेममध्ये ही सोय नसते.

इथे वीज जाणं हीच रोजची गोष्ट आहे. म्हणून राउटरला छोटा बॅटरी बॅकअप लावणं उपयोगी ठरतं. एकदा रीस्टार्ट करून पाहायला हरकत नाही, पण दर दहा मिनिटांनी नको.

घरी फायबर असेल तर?

बीएसएनएल आपल्या तांब्याच्या ग्राहकांना फायबरवर नेत आहे, खासगी कंपन्या आणि स्थानिक केबलवालेही फायबरच देतात. त्यामुळे वरचं गणित आता कमी घरांना लागू होतं. पण यंत्रानं स्वतः निर्णय घेण्याचा प्रकार फायबरमध्येही आहे, फक्त त्याचं रूप वेगळं आहे.

काचेच्या तंतूतून प्रकाश जातो. त्यावर पावसाच्या ओलाव्याचा किंवा विजेच्या खरखरीचा तांब्यासारखा परिणाम होत नाही. लाइन खराब झाली म्हणून फायबर हळूहळू वेग कमी करत नाही. प्रकाश पुरेसा पोहोचला तर पूर्ण वेग, नाही पोहोचला तर लाल लाइट. मधल्या अरुंद पट्ट्यात मात्र कनेक्शन येतं-जातं, चुका वाढतात आणि तेव्हा नेट 'स्लो' वाटतं.

घरांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन तंत्रात साधारण उणे २७ डीबीएम ही प्रकाशाची खालची मर्यादा धरली जाते. आकडा ३ नं खाली गेला म्हणजे प्रकाश निम्मा झाला. कपाटामागे दाबलेली वायर, खिडकीत करकचून वळवलेली वायर, घाईत केलेला जॉइंट, यातलं काहीही एवढी घट आणू शकतं.

फायबरमध्ये स्वयंचलित यंत्रणेचं मुख्य काम असतं वाटपाचं. एक तंतू साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. त्या सगळ्यांना मिळून खाली यायला सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जायला सुमारे १.२५ जीबीपीएस मिळतात. वर जाताना कुणी कधी बोलायचं, याची पाळी मुख्य यंत्र क्षणाक्षणाला ठरवतं. ज्याला गरज जास्त त्याला जास्त वेळ.

म्हणून फायबर असलेल्या घरात रोज रात्री नऊनंतर किंवा फक्त शनिवार-रविवारी वेग घटत असेल, तर दोष वायरमध्ये असण्याची शक्यता कमी. गर्दी वाढलेली असते आणि कंपनीनं पुढची क्षमता पुरेशी घेतलेली नसते. तिथे लाइनमनला बोलावून उपयोग होत नाही.

एक गोष्ट जाता जाता. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळायची, त्यामुळे घरातली लाईट गेली तरी फोन चालायचा. फायबरच्या बॉक्सला घरातली वीज लागते. २०२० मध्ये ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वीज आणि संपर्क एकदमच गेले होते. फायबर वेगवान आहे, पण विजेवर जास्त अवलंबून आहे.

आणि एअरफायबर?

वायर पोहोचत नाही तिथे टॉवरवरून घरात नेट आणण्याचा पर्याय आता आला आहे. एअरटेलनं ही सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली-मुंबईत आणि जिओनं सप्टेंबर २०२३ मध्ये आठ शहरांत सुरू केली. नंतर ती इतरत्र पसरली.

यात वायरच नाही, पण 'लाइन' सांभाळणारी यंत्रणा सगळ्यात चपळ इथेच असते. सिग्नल चांगला असेल तर प्रत्येक लहरीवर जास्त माहिती लादली जाते, कमजोर झाला की कमी. हा बदल सेकंदात अनेक वेळा होतो. टॉवर आणि घर यांच्यामध्ये डोंगराचा उतार असेल, पावसाळ्यात वाढलेली ओली झाडी असेल, तर यंत्र खालच्या पायरीवर उतरतं.

शिवाय टॉवरला पुढे जोडणारा दुवा फायबरचा नसून डिशचा असेल, तर मुसळधार पावसात त्या दुव्याचाही वेग उतरतो. तेव्हा घरातल्या मोबाइलवर पूर्ण दांड्या दिसतात आणि नेट मात्र रांगतं.

मग अडचण कुठे आहे?

अशा यंत्रणा नसत्या तर पावसाळ्यात कनेक्शन सतत तुटत राहिलं असतं. दहा मिनिटांत तीनदा तुटणाऱ्या ५० एमबीपीएसपेक्षा न तुटणारे १० एमबीपीएस कामाच्या मीटिंगला केव्हाही बरे. इथपर्यंत यंत्रणेचं बरोबरच आहे.

अडचण पुढे सुरू होते. यंत्रणा बिघाड दुरुस्त करत नाही, ती तो सांभाळून घेते. जॉइंटमध्ये पाणी शिरलेलं असतं, फायबर कुठेतरी दबलेलं असतं, टॉवरचा दुवा अपुरा असतो. यंत्र वेग उतरवून गाडं चालू ठेवतं. कंपनीच्या पडद्यावर ती लाइन 'चालू' दिसते. लाइनमन येतो, हिरवा लाइट पाहतो आणि तक्रार बंद होते.

जी लाइन पूर्ण तुटते ती दुरुस्त होते. जी लाइन कशीबशी चालते ती तशीच राहते. पुढच्या पावसाळ्यात तोच जॉइंट पुन्हा भिजतो. वस्ती जितकी दूर आणि ग्राहक जितके कमी, तितकं हे जास्त काळ चालतं, कारण चार घरांसाठी खांबावर चढायची घाई कुणालाच नसते.

नियम काय सांगतात?

दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायनं ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार वायरनं जोडलेल्या सेवेतला बिघाड दुरुस्त व्हायला तीन दिवसांपेक्षा जास्त लागले तर ग्राहकाला भाड्यात सूट द्यावी लागते. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तरीही भरपाईची तरतूद आहे.

पण भरपाईची ही कलमं सेवा बंद पडण्याशी किंवा बिघाडाशी जोडलेली आहेत. १०० चा प्लॅन घेऊन महिनाभर १५ वर काढलेल्या घराला आधी 'हा बिघाड आहे' हेच सिद्ध करावं लागतं.

व्याख्याही मदतीला येत नाही. भारतात २ एमबीपीएस किंवा त्याहून जास्त वेग म्हणजे ब्रॉडबँड. ही मर्यादा जानेवारी २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून वाढवली गेली. म्हणजे १५ एमबीपीएस देणारी लाइन व्याख्येनं ब्रॉडबँडच आहे. त्यातच जाहिरातीत '१०० एमबीपीएसपर्यंत' असं लिहिलेलं असतं. त्या 'पर्यंत'मध्ये बरंच काही मावतं.

घरी काय तपासता येईल?

तक्रार करण्याआधी पाच गोष्टी पाहून घ्या.

१. वेग वायफायवर नको, लॅपटॉपला राउटरची वायर लावून तपासा. वायरवर पूर्ण वेग येत असेल तर अडचण घरातल्या भिंतींची आणि वायफायची आहे.

२. आकडा नेमका ९४-९५ वर अडकत असेल आणि प्लॅन १५० किंवा २०० चा असेल, तर लॅनची वायर तपासा. आतल्या चारपैकी एखादी जोडी तुटली की दोन्ही टोकांची यंत्रं आपोआप १,००० वरून १०० वर उतरतात. केबलवाल्यानं इमारतीत लॅनची वायर ओढली असेल तर हे हमखास दिसतं. नवी वायर हाच उपाय.

३. सकाळी, दुपारी आणि रात्री, असे चार-पाच दिवस वेग नोंदवा. दिवसभर सारखाच कमी असेल तर लाइनचा दोष असू शकतो. फक्त रात्री कमी असेल तर गर्दी. फक्त पावसात कमी असेल तर जॉइंट किंवा टॉवरचा दुवा.

४. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जा. फायबर असेल तर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा पाहा. तो उणे २५ च्या खाली गेला असेल तर स्क्रीनशॉट काढा. तांब्याची वायर असेल तर नॉइज मार्जिन आणि चुकांची संख्या पाहा.

५. 'नेट स्लो आहे' एवढंच सांगू नका. तारीख, वेळ, वेग आणि प्रकाशाचा किंवा चुकांचा आकडा देऊन तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर घ्या.

डॉकेट नंबर महत्त्वाचा आहे. तक्रार न सुटता बंद केली तर त्याच क्रमांकावर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. तिथेही काही झालं नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे. कर्जतहून तिथे जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, पण तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. अर्थात, त्यासाठी नेट चालू असावं लागतं.

इमारतीतल्या किंवा वाडीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी, एकाच वेळचे आकडे देऊन तक्रार केली तर ती जास्त वजनदार ठरते. एका घराचा वेग घटला तर दोष राउटरवर ढकलता येतो. पाच घरांचा एकदम घटला तर जॉइंट उघडून पाहावाच लागतो.